मशीन मी दिलं नव्हतं

हे मी कोणाला धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणाऱ्या माणसांचा मला आजारपणात इतका वीट आला की त्यांच्यात आणखी एकीची भर घालायची इच्छा नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या मामाला पोलिओ झाला आणि त्याला मुंबईला त्या लोखंडी मशीनमध्ये ठेवलं. त्याची बायको माझ्याकडे आली. तिला एकच विचारायचं होतं, आत कसं वाटतं? तिला तोंडी सांगताना माझा दम पुरेना. म्हणून लिहिते.

मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. आजारी पडले तेव्हा तिशीला टेकले होते, लग्न झालेलं नव्हतं आणि थोरल्या भावाकडे राहत होते. दादाचं बाजारपेठेत किराणा-भुसाराचं दुकान. गावात त्याला सगळे देवमाणूस म्हणतात. फार हळवा. रस्त्यात कुत्रं गाडीखाली आलं तर त्या दिवशी जेवायचा नाही. त्या कुत्र्याला उचलून बाजूला कोणी ठेवलं, हे मात्र त्याला कधी माहीत नसायचं. ठेवलेलं असायचं वहिनीने.

वहिनी उरणकडची. फटकळ, आवाज मोठा, चेहऱ्यावर सदा कामाची घाई. तिचं आणि माझं कधी जमलं नाही. ती मला ‘वन्सं’ म्हणायची, मी तिला ‘वहिनी’ म्हणायचे, दोघी एकमेकींना अहो-जाहो करायचो आणि त्यात मान थोडा आणि अंतर जास्त असायचं.

*

गणपती होऊन गेले होते. मला ताप आला, मान आखडली, पाठ अशी दुखू लागली की कुशीवर वळता येईना. आमच्या आळीतले डॉक्टर आले. त्यांनी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि ओटीवर जाऊन दादाला सांगितलं. आवाज कमी करायची तसदी त्यांनी घेतली नाही.

“या वयापर्यंत लग्न झालं नाही की बायकांचं असं होतं. मनाचा परिणाम अंगावर होतो. मी झोपेचं औषध देतो. तुम्ही एखादं स्थळ बघा.”

ताप उतरला तेव्हा माझा उजवा पाय उचलेना. डॉक्टर पुन्हा आले. म्हणाले, “उभं राहायचं मनात आणा, म्हणजे राहाल.” मी मनात आणलं आणि जमिनीवर पडले. डॉक्टर म्हणाले, “पाहिलंत? मनापासून प्रयत्नच नाही.”

या माणसाला गावात आजही लोक रस्त्यात वाकून नमस्कार करतात. मी करत नाही. माझी कंबर वाकत नाही असं लोक समजतात आणि मी समजू देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने माझ्यासाठी पेज आणली. पेज गार होती. मी तिला बोलायला सुरुवात केली की आजारी माणसाला निदान गरम तरी द्यावं, इतकं काय तुम्हाला जड आहे... आणि मधेच थांबले. शब्द होते, राग होता, पण त्यांना ढकलायला छातीत हवा नव्हती. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग ती ओटीवर गेली. तिचं बोलणं मला आतून ऐकू आलं.

“अहो, वन्सं माझ्यावर ओरडता ओरडता थांबल्या. त्या कधी थांबत नाहीत. यांना मुंबईला न्यायला हवं.”

दादा म्हणाला, “डॉक्टर तर म्हणतात...”

“डॉक्टरला घाला चुलीत.”

दादा रडायला लागला. वहिनी पायांत चपला सरकवून बाहेर पडली आणि भाताच्या गिरणीवाल्यांची मोटार घेऊन परत आली. मला उचलून मागच्या बाकावर ठेवलं. माझं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं, ते तिला आणि मला दोघींनाही अवघड वाटत होतं. दादा मोटारीच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “मी नाही येत. माझ्याच्याने बघवणार नाही.”

आळीतल्या बायका म्हणाल्या, “किती हळवा हो.”

*

ठाण्याकडचा तो रस्ता तेव्हा खड्ड्यांचाच होता. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना प्रत्येक गचक्याला माझ्या छातीतली थोडी थोडी हवा बाहेर सांडते आहे असं वाटत होतं. वहिनी ड्रायव्हरला सांगत होती, हळू चालव. आणि लगेच म्हणत होती, लवकर चालव.

मुंबईच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं, तपासलं आणि सांगितलं, पोलिओ.

“तो लहान मुलांचा रोग ना?” वहिनीने विचारलं.

“मोठ्यांनाही होतो.”

निदानाच्या त्या दिवसाबद्दल लोक मला फार कळवळून विचारतात. पायाखालची जमीन सरकली असेल, नाही का? खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मनाचं नव्हतं. मी अविवाहित आहे म्हणून माझा पाय पडला नव्हता. आता मरणार असेन तर निदान खऱ्या रोगाने मरेन, इतपत माझं समाधान झालं. ते फार वेळ टिकलं नाही, कारण संध्याकाळपर्यंत माझे ओठ निळे पडले आणि मला मशीनमध्ये ठेवलं.

*

आत कसं वाटतं, ते आता सांगते.

एक लांबट लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं असतं. त्यात तुम्हाला सरकवतात. डोकं तेवढं बाहेर राहतं आणि गळ्याभोवती रबराची पट्टी घट्ट बसवतात. ते मशीन आतली हवा ओढून घेतं, त्यामुळे छाती आपोआप फुगते आणि नाकातोंडावाटे श्वास आत येतो. मग ते हवा सोडतं आणि श्वास बाहेर जातो. सगळ्यांना वाटतं, माणूस आत घाबरून ओरडत असेल. पहिल्या रात्री मी घाबरले नाही. मी झोपले. तोपर्यंत प्रत्येक श्वास मी ओढून आणत होते, आता ते काम दुसऱ्याने अंगावर घेतलं होतं. इतकी गाढ झोप मला आयुष्यात पूर्वी लागली नव्हती.

भीती नंतर येते, जाग आल्यावर. आपल्याला नाक खाजवता येत नाही, हे कळतं तेव्हा. माशी कपाळावर बसते आणि चालत भुवईपर्यंत येते तेव्हा. आणि मशीनची चाल एवढीशी बदलली तरी कान टवकारतात. आपण आपलं काळीज जसं ऐकत नाही, तसं ते मशीनही ऐकू येईनासं होतं. ऐकू आलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

बोलायचं फक्त मशीन श्वास सोडेल तेव्हा. गिळायचंही तेव्हाच. मधे घास आला तर श्वासाबरोबर आत ओढला जातो. वहिनी मला भात भरवायची तेव्हा मशीनच्या तालावर चमचा धरायची. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा चुकीच्या वेळी घास दिला आणि मला ठसका लागून माझे डोळे पांढरे झाले. तिने माफी मागितली नाही. म्हणाली, “तोंड उघडं ठेवून बसलात, मला वाटलं तयार आहात.” त्यानंतर ती कधी चुकली नाही.

डोक्यावर एक आरसा लावलेला असतो. त्यात दारातून येणारा माणूस दिसतो. मला त्या आरशातून माणसांचे जे चेहरे दिसले ते मी विसरलेले नाही. माणूस दारात उभा असतो, त्याला वाटतं ही आपल्याला बघत नाही. त्याचा चेहरा आधी नाकाला वास आल्यासारखा होतो, मग तो चेहरा नीट करतो, मग आत येतो आणि म्हणतो, “वा, तब्येत सुधारलेली दिसते.”

*

भेटायला येणारे. पनवेलहून एसटीने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने लोक आले. माझ्यावर त्यांचं इतकं प्रेम होतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. नंतर कळलं की मशीन बघायचं होतं.

ते वहिनीला विचारायचे, “जेवते का?” “ओळखते का?” “कळतं का तिला?” मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. एका बाईने पिंपावर बोटाने टकटक केलं. आमच्या लांबच्या एका काकूंनी अंगारा आणला आणि माझ्या कपाळाला लावला. तो माझ्या डोळ्यांत गेला. हात आत होते. मी मशीनच्या श्वासाची वाट बघितली आणि मग म्हणाले, “डोळ्यात गेला.” काकू वहिनीला म्हणाल्या, “काय म्हणते गं?”

वहिनीने ओल्या फडक्याने माझे डोळे पुसले आणि काकूंना म्हणाली, “त्या म्हणतात, तुमची एसटी चुकेल.”

मी असं म्हटलेलं नव्हतं. पण वहिनीबद्दल काही बरं वाटायची माझी ती पहिली वेळ.

जिचा नवरा आज त्या मशीनमध्ये आहे, तिला माझं सांगणं एवढंच: त्याच्याशी बोला, त्याच्याबद्दल बोलू नका. तो एक शब्द बोलून थांबला तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रडा. ज्याला आपले डोळे आपल्या हाताने पुसता येत नाहीत, त्याच्यासमोर रडणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

*

दादा एकदा आला. दिवाळीनंतर. चकल्यांचा डबा घेऊन आला, मला चकली चावता येत नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो आरशात दिसला तेव्हाच त्याचे डोळे भरलेले होते. तो स्टुलावर बसला, रुमाल तोंडाला लावला आणि म्हणाला, “कुसुम, काय गं हे.”

भर दुपारची वेळ होती. पंखा थांबला. मग मशीन थांबलं.

वीज गेली होती. त्या मशीनच्या शेवटच्या टोकाला एक दांडा असतो, तो हाताने मागेपुढे ओढला की मशीन चालतं. हे सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या. माझ्या छातीत होती नव्हती ती हवा बाहेर गेली आणि नवी आत आली नाही. मला ओरडता येत नव्हतं, कारण ओरडायलाही हवा लागते. मी आरशात दादाकडे बघितलं.

दादा उभा राहिला. त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. मग तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. डोळे मिटलेले. तो बेशुद्ध झाला नव्हता. मला आरशात त्याचे ओठ हलताना दिसत होते, तो रामनाम घेत होता.

वहिनी नळावर माझे कपडे धूत होती. ती धावत आली ते मी पाहिलं नाही, मला तोपर्यंत कडेने काळं दिसायला लागलं होतं. पण छाती एकदम फुगली आणि हवा आत आली, पहिलीच इतकी जोरात की दुखलं. वहिनी दांडा ओढत होती. तिचे हात साबणाने बुळबुळीत होते, ते घसरत होते, ती शिव्या देत होती. मी काही बोलायचा प्रयत्न केला.

“बोलू नकोस,” ती म्हणाली. “श्वास घे. मी आहे ना इथे. घे श्वास.”

वॉर्डबॉय आला, त्याने दांडा हातात घेतला, थोड्या वेळाने पुन्हा वहिनीने घेतला. वीज येईपर्यंत दोघं आलटून पालटून ओढत राहिले. वहिनीच्या तळहातांना फोड आले. वीज आल्यावर ती दादाकडे गेली आणि त्याला म्हणाली, “तुम्ही घरी जा. दुकान बघा.”

तो गेला. जिन्यात त्याला एका नर्सने पाणी दिलं म्हणे.

आणि दुसऱ्या दिवशी वहिनी मला पुन्हा ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला लागली.

*

थंडीत माझ्या छातीत थोडा जोर यायला लागला. व्यायाम शिकवायला एक पारशी बाई यायच्या, रागीट, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातल्या. त्यांनी मला हवा गिळायला शिकवली. बेडूक गळा फुगवून हवा गिळतो तशी तोंडाने हवा घ्यायची आणि जिभेने मागे ढकलायची, घोट घोट. अशा बऱ्याच घोटांचा मिळून एक श्वास होतो. दिसायला ते भयंकर दिसतं. बाई म्हणायच्या, “दिसायचा विचार जित्या मान्साने नाय करायचा.” त्या घोटांवर मी मशीनबाहेर बसू लागले. आधी थोडा वेळ, मग जेवणापासून चहापर्यंत, मग अख्खी दुपार. मात्र ही हवा जागेपणीच गिळता येते. झोप लागली की घोट थांबतात. म्हणून झोपायला मला मशीन लागायचंच.

त्या सुमारास यमुनाला आणलं. उरणकडच्या गावातली, मिठागरावर काम करणारी, नुकती बाळंतीण झालेली. तिलाही पोलिओ. मी खाटेवर उशांना टेकून बसले होते आणि ती दाराशी स्ट्रेचरवर होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तो आवाज मी ओळखत होते. तिचा नवरा हसुराम दाराबाहेर भिंतीशी उभा होता, हातात तिची चोळी-लुगड्याची पिशवी घट्ट धरून.

इस्पितळात मशीन एकच होतं.

मोठे डॉक्टर आले. त्यांच्यामागे त्यांचा नेहमीचा लवाजमा. ते माझ्या खाटेवर बसले. एरवी ते उभ्यानेच माझा कागद वाचून जायचे.

“कुसुमताई,” ते म्हणाले, “तुम्ही शिक्षिका आहात. समाज तुमच्याकडे बघतो. अशा वेळी माणसाची पारख होते. त्या बाईचं तान्हं मूल आहे.”

मी म्हटलं, “मला झोपायला मशीन लागतं.”

“एका रात्रीचा प्रश्न आहे. उद्या दुपारपर्यंत दुसरं मशीन येतंय. माझं बोलणं झालंय.”

“आणि आजची रात्र?”

“आम्ही सगळे आहोत ना. तुमच्या मनाचा निर्धार पाहिजे.”

पुन्हा मन. मला त्या शब्दाची शिसारी आली होती. पण मी हिशेब करत होते. एक रात्र जागता येते. परीक्षेचे पेपर तपासताना मी कित्येकदा जागले होते.

वहिनी पुढे आली आणि डॉक्टरांना म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर थांबा.” ते थांबले, याचं मला आश्चर्य वाटलं. मग ती माझ्या कानाशी वाकली.

“मी द्या म्हणणार नाही आणि देऊ नका असंही म्हणणार नाही. ठरवायचं काम यांचं आहे, ते यांनी तुमच्यावर ढकललंय. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मग तिच्या नवऱ्याला जे काय बोलायचं ते तो माझ्याशी बोलेल. तुमच्यापर्यंत मी येऊ देणार नाही.”

मी म्हटलं, “उद्या दुपारपर्यंत. त्यांना सांगा.”

माझ्या मनात त्याग वगैरे काही नव्हतं. एका रात्रीपुरतं देणं शक्य होतं, म्हणून मी दिलं. शेजारणीला पाटा-वरवंटा देतो तसं.

*

दुपार आली. मशीन आलं नाही. कोणीतरी म्हणालं, गोदीत अडकलंय. संध्याकाळी म्हणाले, उद्या नक्की. त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने सिस्टरना सरळ विचारलं, “ते दुसरं मशीन कुठवर आलं?” सिस्टर माझ्या चादरीची घडी करत होत्या. त्या म्हणाल्या, “कुठलं मशीन?”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. दोघींना एकाच वेळी कळलं.

पलीकडे यमुना मशीनमध्ये होती. तिला बाहेर काढा असं मी म्हणू शकत नव्हते, आणि हे मोठ्या डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. माझ्या चांगुलपणावर त्यांचा विश्वास होता असं कोणी म्हणेल. मी म्हणते, चोराचाही घरमालकाच्या झोपेवर असाच विश्वास असतो.

त्यानंतरच्या रात्री कशा गेल्या त्याचं वर्णन मी करणार नाही. नाकाला प्राणवायूची नळी होती, पाठीशी उशा होत्या आणि शेजारी वहिनी होती. डुलकी लागली आणि माझा गळा थांबला की ती मला हलवायची. हलवून भागेना तेव्हा तिने दुसरा उपाय काढला. ती मला राग आणायची. माझ्या आईच्या हातच्या आमटीला कधी चव नव्हती, म्हणाली. मुलींना गणित शिकवून काय उजेड पडतो, म्हणाली. माझं एक स्थळ मोडलं ते माझ्या नाकामुळे, असंही म्हणाली. मी उत्तर द्यायला हवा गिळायचे. इतके अपमान मी जन्मात ऐकले नव्हते आणि प्रत्येक अपमानाबरोबर एक श्वास आत जात होता. दिवसा ती बाकड्यावर बसल्या बसल्या झोपायची, तोंड उघडं टाकून.

हळूहळू झोपेतही छाती थोडी थोडी हलायला लागली. आधी डुलकीपुरती, मग तासभर. आपलं आपण. एका सकाळी मला जाग आली तेव्हा वहिनी माझ्याकडे टक लावून बघत होती. “बराच वेळ झाला,” ती म्हणाली, “मी उठवलं नाही. बघत होते, चालतंय का.”

मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले. माझ्याकडे बोट दाखवून त्यांना म्हणाले, “या रुग्णाला मशीनची सवय लागली होती. ती मोडणं आवश्यक होतं. कधी कधी डॉक्टरला मानसशास्त्र वापरावं लागतं.”

विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतलं. मी मेले असते तर काय लिहून घेतलं असतं, ते मी विचारलं नाही. तेवढा श्वास मी त्यांच्यावर खर्च करणार नव्हते.

*

यमुना वाचली. तिचा डावा हात लुळा राहिला, पण तिचा श्वास आपला आपण चालू झाला. तिला घरी न्यायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी हसुरामला माझ्या खाटेशी आणलं. बरोबर इस्पितळाचे एक देणगीदार होते, त्यांना तो देखावा दाखवायचा होता.

“यांचे पाय धर,” डॉक्टर म्हणाले. “यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून तुझ्या बायकोला मशीन दिलं.”

हसुराम गोंधळला. “पन साहेब, तुमीच बोल्लात ना, ह्या बाय बऱ्या झाल्यात. मशीन मोकली हाय, असं बोल्लात.”

देणगीदार खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

हसुराम माझ्याकडे वळला. “बाय, आमाला ठावं नव्हतं.” मग म्हणाला, “ठावं असतं तरी मागितलीच असती. खोटं कशाला बोलू.”

त्याने पाय धरले नाहीत. मी हात पुढे केला, जेवढा होत होता तेवढा, आणि त्याने तो दोन्ही हातांत धरला. मिठाने चिरलेले हात होते. त्या इस्पितळात मी जी काही बोलणी ऐकली त्यांत एवढं स्वच्छ दुसरं ऐकलं नाही.

*

मी पनवेलला परत आले ती उन्हाळ्यात. दुकानातल्या दोन हमालांनी मला खुर्चीसकट उचलून घरात नेलं. दादा दारात उभा होता. मला बघताच त्याला हुंदका फुटला आणि तो पायरीवर बसला. सगळी आळी जमली होती. बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या, कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. “किती सोसलं हो तुम्ही,” त्या त्याला म्हणत होत्या. मी खुर्चीत, दोन हमालांच्या मधे लटकत होते. वहिनी मागून म्हणाली, “वाटेतून उठा. त्यांना आत न्यायचंय.”

दादाशी मी बोलते. एका घरात राहतो. मीठ दे म्हटलं तर देतो. पण त्याच्या हळवेपणाचं कौतुक कोणी माझ्यासमोर केलं की मी उठून जाते, काठी घेऊन, सावकाश, म्हणजे त्यांना चांगलं दिसावं.

*

मी शाळेत जायला लागल्यावर गावातल्या मंडळींनी माझा सत्कार ठरवला. त्या गोष्टीचं पनवेलपर्यंत येता येता भलतंच काही झालं होतं. एका बाळंतिणीसाठी मी स्वतः मशीनमधून उठून बाहेर आले, अशी हकीकत लोक सांगत होते. ज्याचा पाय उचलत नाही तो मशीनमधून उठून कसा येईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

वहिनीने आणि एका सहशिक्षिकेने मला धरून व्यासपीठावर बसवलं. अध्यक्ष गावातले एक वकील होते. ते पुष्कळ बोलले. त्याग, मातृत्व, स्त्रीचं कोमल अंतःकरण. त्यांच्या प्रत्येक वाक्याला जेवढी हवा लागत होती तेवढ्यात मी दिवस काढला असता. मग मला शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

माझा आवाज लहान. मला एका दमात चार-पाच शब्दच बोलता येतात.

मी म्हटलं, “मशीन मी दिलं नव्हतं.” श्वास घेतला. “एका रात्रीपुरतं दिलं होतं.” पुन्हा घेतला. “दुसरं मशीन येतंय म्हणाले.” पुन्हा. “ते खोटं होतं.” पुन्हा. “खरं सांगितलं असतं तर...” इथे मला जास्त वेळ लागला. लोक वाट बघत होते. “तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.”

मी थांबले. कोणी हललं नाही. मला वाटलं, पोचलं.

मग वकीलसाहेब उठले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सभेकडे वळून म्हणाले, “काय ही नम्रता.”

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेना.

परत येताना टांग्यात वहिनी माझ्याशेजारी बसली होती, नारळ मांडीवर घेऊन. बाजारपेठ मागे पडल्यावर तिने नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला.

“पाणी आहे,” ती म्हणाली. “उद्या चटणी करते. शाल मात्र अगदीच हलकी दिली. एवढ्या मोठ्या त्यागाला.”

मला हसू आलं. हसायला फार हवा लागते, डॉक्टरांनी मला ते सांगितलं नव्हतं. हसता हसता माझा श्वास संपला आणि मी तोंड उघडून घोट घोट हवा गिळू लागले, बेडकासारखी, भर रस्त्यात. समोरच्या दुकानातली माणसं बघायला लागली.

वहिनीने टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. “बाईंचं हसून होऊ दे,” ती म्हणाली. “मग चल.”